मालकांच्या खुणा

आमच्या मालकांनी आयुष्यात छत्री विकत घेतली नाही. महाडच्या पावसात बिनछत्रीचा माणूस एक तर भिकारी असतो नाहीतर खुळा, आणि मालक भिकारी नव्हते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत स्वतःचं दुमजली घर असलेले गृहस्थ होते. वर ते एकटे राहायचे, खाली रस्त्याकडच्या खोलीत मी भाडेकरू. पाऊस आला की ते जिना उतरून माझ्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमच्या दाराच्या मागे खिळ्याला दोन छत्र्या आहेत. मोठीची काडी मोडली आहे. धाकटी द्या."

माझ्या घरात काय कुठे आहे ते मला शोधावं लागायचं, त्यांना नाही. सगळ्या गल्लीचंच त्यांना ठाऊक असे. शिडी कोणाकडे, रक्तदाब मोजायचं यंत्र कोणाकडे, लग्नाचं मोठं पातेलं कोणाच्या माळ्यावर, सापाला न भिणारा माणूस कुठल्या घरात. त्यांच्या स्वतःच्या खोलीत मात्र एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या, एक ताट, एक तांब्या आणि कॉम्प्युटर. कपाटसुद्धा देऊन टाकलं होतं. विचारलं तर सांगायचे, "वस्तू ठेवून काय करायचं? वस्तूकडे जायची वाट ठेवावी. वाटेला जागा लागत नाही."

मी कुणाला पटकन मोठं म्हणत नाही. देवळात गेले तरी माझं अर्धं लक्ष बाहेरच्या चपलांकडे असतं. पण या माणसापुढे मी कितीदा तरी तोंड उघडं टाकून उभी राहिले आहे.

मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. चौथी शिकले, मग गुरं राखली, मग लग्न झालं, मग नवरा गेला, मग महाडच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसले. एवढंच माझं. दासगावच्या बायकांकडून माल घ्यायचा, बाजारात विकायचा, उरलेला रात्री खोलीत ठेवायचा. सुकट, जवळा, बोंबील घरात ठेवणाऱ्या बाईला कोणी खोली देत नाही. मालकांनी दिली, आणि ते तर अंडंसुद्धा खात नसत. गल्लीतल्यांनी विचारलं, हे कसं चालतं तुम्हाला? मालक म्हणाले, "वर वास येतो, मासा येत नाही. आणि वास काही मी चावून खात नाही."

आता त्यांच्या कॉम्प्युटरचं सांगते. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर मी पाहिले होते. त्यावर रंगीत चित्रं असतात, बाण फिरतो, माणूस माउस सरकवत बसतो. मालकांचा पडदा काळा, शाळेतल्या पाटीसारखा, आणि त्यावर पांढरी अक्षरं. माउस त्यांना चालतच नसे. खिडकीचं फळकूट वाऱ्याने आपटायचं, ते त्यांनी माउसच्या वायरने गजाला बांधून टाकलं होतं. "हात उचलायचा, माउस धरायचा, परत बोटं बटणांवर आणायची, हे खोदकाम झालं," म्हणायचे. कामाला बसताना इस्त्रीचा सदरा घालायचे, खिशाला पेन लावायचे. त्या पेनाने कधी काही लिहिताना मी पाहिलं नाही.

इंटरनेटवर त्यांना जे काही बरं दिसे, त्याचा पत्ता ते ठेवून घेत. पान नाही ठेवायचं, पानाचा पत्ता. लोकही ठेवतात म्हणे, वर एक चांदणी असते ती दाबून. "चांदणी दाबलेलं पान दाबणाऱ्याने पुन्हा पाहिलं, असं आजवर झालेलं नाही," मालक म्हणायचे. त्यांची रीत वेगळी. काळ्या पाटीवर एक ओळ लिहायची, त्यात पानाचा पत्ता, आणि त्याच्यापुढे दोनचार शब्द. त्या शब्दांना ते खुणा म्हणत. यंत्र त्या पत्त्याला एक नंबर देई. पुढे कधीही त्यातली एक खूण लिहून एंटर मारला, की त्या खुणेची सगळी पानं नंबरवार एकाखाली एक हजर. नंबर मारला की पान उघडलं. असे हजारांनी पत्ते त्यांनी जमवले होते. मुंग्या वारूळ कसं बांधतात, जुना रेडिओ कसा उघडायचा, कुठल्याशा थंड देशातल्या आगगाडीचं वेळापत्रक, हाताने मीठ कसं काढतात, वटवाघळं, दीपस्तंभ. त्या देशात त्यांना जायचं नव्हतं आणि मीठ ते दुकानातूनच आणत.

अडचण एकच होती. खूण कुठली ठेवली तेच त्यांना आठवत नसे. कारण ते शिकलेले. एका गोष्टीला त्यांना चार शब्द माहीत. आज 'हिमनदी' लिहायचे, महिन्याने 'बर्फ' म्हणून शोधायचे, आणि यंत्र म्हणायचं, नाही.

एकदा मी भाडं द्यायला वर गेले होते. पडद्यावर कसलंसं पांढरं निळं डोंगरासारखं होतं.

"बाई, हे काय दिसतंय?"

"थिजल्यालं तूप."

त्यांनी ते लिहून घेतलं. चार महिन्यांनी मला हाक मारली, तेच चित्र दाखवलं. "हे काय?"

"मालक, डोकं हाय का ठिकाणावर? तेव्हा सांगितलं ना, थिजल्यालं तूप."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. शपथेवर सांगते, साहेब आल्यावर उठावं तसे उठले. म्हणाले, "माझे शब्द रोज बदलतात. तुमचा शब्द एकदा पडला की पडला." त्या दिवसापासून मी बाजारातून आले, हात धुतले, की वर जायचं आणि त्यांनी जमवलेल्या पानांना शब्द द्यायचे असं सुरू झालं. ते चित्र दाखवायचे, काय आहे ते समजावून सांगायचे, मग विचारायचे, "उद्या हे शोधायला आलात तर काय म्हणून हाक माराल?" मी तोंडाला येईल ते म्हणायची. ते तसंच्या तसं लिहायचे, सुधारायचे नाहीत. जुनी पानंही त्यांनी पहिल्यापासून काढली आणि सगळ्यांवर माझे शब्द चढवले.

बर्फावर काळे कोट घालून उभे राहणारे ते पक्षी असतात ना, पांढरी छाती पुढे काढून, कामधंदा नसल्यासारखे, त्यांना मी 'वकील' म्हटलं. आमच्या कोर्टाबाहेर तसेच उभे असतात. पुढे गल्लीतले एक खरे वकील मालकांकडे आले, कसल्याशा कायद्याचं पान शोधून द्या म्हणाले. मालकांनी सरळपणे 'वकील' लिहून एंटर मारला. पडद्यावर पक्ष्यांचा थवा. वकील बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "यांच्यातला डावीकडचा बाररूममध्ये रोज भेटतो मला." भला माणूस.

समोर टेम्पोवाले चाचा राहायचे. त्यांचा मुलगा जहाजावर. एकदा किती दिवस त्याचा फोन नाही, घरात चूल पेटली नाही. चाचा चप्पल न घालताच वर आले.

"मालक, पोऱ्याचा काय पत्ता नाय. घरातली वेड्यासारखी करतेय. तुमच्या यंत्रात काय दिसतं का बघा."

"जहाजाचं नाव ठाऊक आहे?"

चाचांना नाव ठाऊक होतं. मालकांनी एक शब्द लिहिला, एक नंबर मारला, आणि समुद्र उघडला. मी समुद्र एकदाच पाहिलाय, हरिहरेश्वरला, आणि तेव्हाही मला तो नको इतका वाटला होता. हा सगळाच्या सगळा समुद्र होता, त्यावर बारीक बारीक बाण, आणि एकेक बाण म्हणजे त्या घटकेला पाण्यावर असलेलं एकेक खरं जहाज. मालकांनी नाव लिहिलं. एक बाण लाल झाला. मस्कतच्या अंगाला.

"हे. चालू आहे. मुंबईकडे तोंड आहे."

चाचांनी त्या बाणावर बोट ठेवलं. बोटाखाली तो बाण केसाइतका पुढे सरकला, आणि चाचांनी चटका बसल्यासारखं बोट उचललं. "चाललाय," म्हणाले. "चाललाय की हो." दोन दिवसांनी पोराचा फोन आला, जहाजावरचं कसलं तरी यंत्र बिघडलं होतं एवढंच. मालकांनी त्या पानाला आणखी एक खूण जोडली, 'चाचांचा पोरगा'. मग चाची खालूनच ओरडायची, "मालक, पोरग्याला लावा जरा," आणि मालक समुद्र लावायचे.

दर अमावास्येला ते सगळे पत्ते तपासायचे. अमावास्येला का, तर त्या दिवशी गल्लीतलं कोणी नवं काम घेऊन येत नाही. एक ओळ लिहिली की यंत्र एकेका पत्त्यावर जाऊन दार वाजवून यायचं. अक्षरं सरसर वर जायची, आणि ज्या दाराला उत्तर नाही ती लाल. ते पान बंद झालेलं असे, चालवणारा कंटाळलेला नाहीतर मेलेला. मी म्हणायची, पुसून टाका, उगाच कशाला जागा अडवायची. मालक पुसायचे नाहीत. लाल पत्त्यापुढे एक खूण वाढवायचे, 'गेले'. "पत्ता चुकीचा नाही, बाई. राहणारा गेला, पत्त्याचा काय दोष?" मला ते खुळेपणाचंच वाटायचं. अजूनही वाटतं. पण प्रत्येक लाल ओळीपाशी ते थांबायचे, ती नीट वाचायचे, आणि मगच पुढे जायचे. एवढा मान मी जिवंत माणसांना मिळताना पाहिला नाही.

मग चैत्रात एका सकाळी ते पाणी भरायला खाली आले नाहीत. मी वर गेले तर टेबलापाशी जमिनीवर बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून म्हणाले, "ते. ते ते ते." चाचांनी टेम्पो काढला. इथल्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. त्यांची मुलगी पुण्यात नोकरीला होती, तिने सगळं केलं, कशात कमी केलं नाही. आषाढात त्यांना घेऊन परत आली ती त्यांनी हट्ट केला म्हणून. बोलता येत नव्हतं तरी हट्ट करता येत होता. जेवायचं बंद केलं होतं.

काठीने चालत होते. उजव्या हाताची बोटं आखडलेली. कान, डोकं, समज सगळं शाबूत. फक्त शब्द गेले. काय हवं ते त्यांना कळायचं, तोंड उघडायचे, आणि बाहेर यायचं तेवढंच, ते ते ते. डॉक्टरांनी चित्रांची कार्डं दिली होती, चित्र दाखवायचं आणि शब्द म्हणवून घ्यायचा. सफरचंद, फुगा, ससा. मुलगी समोर बसून गोड आवाजात म्हणायची, "बाबा, म्हणा, स-सा." मालकांनी डाव्या हाताने ससा खिडकीबाहेर टाकला.

त्या दिवशी ती जिन्यात माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी, मी वाईट नाही हो."

"वाईट कोण म्हणतंय?"

"पुण्यात दोन खोल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर. मी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तिथे ते भिंतीकडे बघत बसणार, मला कळतंय. पण इथे एकटे असताना पडले आणि फोनवर नुसतं ते-ते केलं, तर मी काय समजायचं?"

"मी हाय ना खाली."

"तुम्ही दिवसभर बाजारात असता."

ते खरं होतं.

"गौरी-गणपती जाईपर्यंत बघू," ती म्हणाली. "विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी फोन करीन. तुम्ही शेजारी बसून पढवायचं नाही. पडलोय, दुखतंय, बरा आहे, एवढं मला नुसतं ऐकून कळलं, तर राहू देत इथे. नाही कळलं तर गाडी घेऊन येते, मग त्यांनी कितीही उपास करू देत."

वर मालकांनी सगळं ऐकलं होतं. मी चहा घेऊन गेले तर खुर्चीत बसून डाव्या हाताने टेबलाचा पाय घट्ट धरलेला. मी म्हटलं, "मालक, टेबलाला धरून काय व्हणार? टेबलासकट नेईल ती."

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पिशवी ओढून मला दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. काळी पाटी आली. डाव्या हाताच्या एका बोटाने ते काहीतरी लिहू लागले. भलतीच अक्षरं पडली. पुसली, परत लिहिलं, परत भलतीच. घाम फुटला त्यांना. मला वाटलं आता हेही खिडकीतून जातंय. मग ते थांबले, वरच्या ओळीतल्या आकड्यांकडे पाहिलं आणि एक दाबला. एंटर.

पहिलं पान उघडलं. मुंग्यांचं.

आकडे गेले नव्हते. जन्मभर टेलिफोनच्या आकड्यांत राहिलेला माणूस, आकडे कुठे जाणार? मी पाटीवर वाचलं, खुणेच्या जागी माझा शब्द होता. म्हटलं, "मुंगी." ते म्हणाले, "ते." त्यांनी दोन दाबला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं हे काय चाललंय. तो ससा कुणीतरी छापलेला ससा होता. इथलं एकेक पान त्यांनी स्वतः निवडलेलं, आणि त्याचा शब्द याच खोलीत, याच खुर्चीतून, माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेला. त्यांचे शब्द हरवले होते, पण शब्दांकडे जायची वाट नंबरवार लावलेली तयार होती. ही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली नव्हती, मुलीला सुचली नव्हती, मला तर स्वप्नातही आली नसती. तोंडातून एक शब्द न निघणाऱ्या माणसाने ती मनातल्या मनात ठरवली आणि पिशवी धरून मला बसवलं. मी असली अक्कल दुसरीकडे पाहिली नाही.

मग रोज तेच. मी बाजारातून यायची, त्यांची भाजीभाकरी करायची, शेजारी बसायची. ते नंबर मारत, पान उघडे, मी शब्द म्हणे. थिजलेलं तूप. वकील. भोवरा. ते तोंड हलवत, त्यांची मान ताठ होई, आणि येई तेवढंच, ते. श्रावण लागला तरी तेच. मी मऊ बोलणारी बाई नाही. "मालक, जीभ हाय का हाय पायपुसणं?" म्हणायची. ते डोळे वटारून पुढचा नंबर मारत. बारमाही कंटाळणारी मी, पण त्या माणसाने नंबर मारायचा थांबवला नाही म्हणून मलाही उठता आलं नाही.

थकले की ते मला बटणं दाबायला लावत. यंत्र मधेच काही विचारी, त्याला होय म्हणायचं तर 'वाय'चं बटण, एवढं मला दाखवून ठेवलं होतं. बाजारात बसणाऱ्या बाईला सवय असते, गिऱ्हाईकाने काही विचारलं तर आधी होय म्हणून मोकळं व्हायचं, ताजं हाय का, होय, परवडतंय का, होय. एकदा माझ्याकडून कुठलं तरी भलतं अक्षर दाबलं गेलं. यंत्राने एक ओळभर इंग्रजी विचारलं. मी वाय दाबला. एंटर.

मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"मुडद्या!"

स्वच्छ. ठणठणीत. खाली रस्त्यापर्यंत गेलं असेल. ज्या पानांवर जाहिराती अंगावर उड्या मारतात त्यांना मी हा शब्द देऊन ठेवला होता, आणि मालकांच्या तोंडून उभ्या जन्मात शिवी निघाली नव्हती.

"मालक," मी म्हटलं, "बाईमाणसाला मुडद्या म्हणतात व्हय?"

"मुडद्या," ते म्हणाले. मग हसायला लागले, वाकड्या तोंडाने, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मी एक पत्ता पुसून टाकला होता. त्या यंत्राची रीत अशी की मधला नंबर रिकामा ठेवत नाही, शेवटचा पत्ता उचलून तिथे बसवतं. मालकांनी तो नंबर मारला. तिथे आता त्यांनी दुखण्याच्या आदल्या दिवशी ठेवलेलं पान होतं, फांदीला लोंबकळणारी वटवाघळं. त्याला शब्द द्यायचा राहिला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"उलटा," मी म्हटलं.

"उल-टा."

त्यानंतर शब्द यायला लागले. भराभर नाही. बोंबील टोपलीतून काढताना एकात एक अडकतात, मग एक निघाला की सोबत दोन येतात, तसे. वकील आला. भोवरा आला. कुठेसा एक तिरका मनोरा आहे, त्याला मी 'पडतोय' म्हटलं होतं, तो आला. त्यांनी पूर्वी हृदयाबद्दल वाचून ठेवलेलं होतं, तिथे 'छाती' होती, ती आली. आणि मधे मधे मी विचारत असे, हाय का ध्यानात? नाय? ते 'हाय' आणि 'नाय'ही घेऊन बसले. पूर्वीचे मालक 'नाही'तला ह सुद्धा गाळत नसत. आता खिडकीतून चाचांना म्हणाले, "पाऊस नाय. जा गो." बाईला म्हणायचं 'गो' ऐकून चाचा हसून हसून टेम्पोला टेकले.

मला वेगळीच धास्ती. "मालक, तुमची पोर म्हणंल, मावशीनं बापाला बिघडवला. जरा नीट बोला की, पूर्वीसारखं."

त्यांनी विचार केला. पूर्वीचं शोधायला आत कुठेतरी गेले, असं चेहऱ्यावर दिसलं मला. मग मान हलवली.

"नाय," म्हणाले. "गेले."

गणपती आले, गौरी आल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशी मी बाजार बुडवला. पढवायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले, पदर तोंडात धरून. मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, खिशाला पेन. फोन समोर टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला. चाचा खाली टेम्पोचा हॉर्न पुसत उभे. हॉर्न पुसायला कोणाला एवढा वेळ लागत नाही.

फोन वाजला. त्यांनी डाव्या हाताने घेतला.

"हॅलो? बाबा?"

तोंड उघडलं. मान ताठ झाली. काही येईना. मला ती मान पाठमोरी दिसत होती, आणि माझ्या तोंडातल्या पदराला मी दातांनी भोक पाडलं.

"बाबा, ऐकू येतंय? तुम्हाला कसं वाटतंय, सांगा बरं."

"हां," मालक म्हणाले. "बोल गो."

मग ती म्हणाली, "कोण बोलतंय? जरा बाबांना द्या ना फोन."

"बापूस बोलतोय," मालक म्हणाले. "तुझा."

"बाबा?"

"पडलो नाय. छाती... छाती बरी हाय. दुखत नाय काय." एकेक शब्द ओझं उतरवल्यासारखा टेबलावर ठेवत होते. मग थोडे थांबले. मला वाटलं संपलं, एवढंच होतं, आणि एवढं पुरेसंही होतं. तर ते म्हणाले, "तू जेवलीस काय?"

हे आमच्या पाटीवर नव्हतं. या प्रश्नाला कुठला नंबर नव्हता, कुठलं पान नव्हतं. मी हे त्यांना म्हणायला लावलं नव्हतं आणि त्यांनी माझ्याकडून ऐकलंही नव्हतं, कारण त्यांच्या खोलीत जेवायला घालणारी मी, जेवलात काय म्हणून कशाला विचारू? तो त्यांचा त्यांनी आणला होता. कुठून, ते त्यांनाच ठाऊक.

"नाही अजून," मुलगी म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"मग जेव आधी," मालक म्हणाले आणि फोन ठेवून दिला. ठेवायचं की न्यायचं हे तिने सांगायच्या आतच.

मी पायरीवरून उठले. "अहो मालक! काय केलंत हे? तिचं बोलणं तरी ऐकायचं!"

तेवढ्यात फोन परत वाजला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोटाने माझ्याकडे सरकवला. "घे तू," म्हणाले. "रडत असंल ती."

मी घेतला. रडतच होती. मी तिला रडू दिलं, मग विचारलं, "न्यायला कधी येतेस?"

"नाही येत," ती म्हणाली. "मावशी, नाही येत. दिवाळीला भेटायला येईन."

मी हे मालकांना सांगायला वळले. त्यांनी ऐकलं होतं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कपाळाला आठ्या घालून ते माझ्या हातातल्या फोनकडे बघत होते.

"ते ऱ्हाऊ दे," म्हणाले. "जेवते काय ते विचार."